कार्बोरेटरला चव कळत नाही

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कळंब तालुक्यात घरचा चार एकर ऊस, कारखान्याला स्वतःची डिस्टिलरी, आणि दारात २०११ सालची कार्बोरेटरची १०० सीसी गाडी. पेट्रोल शंभरीच्या पुढे गेलंय. कुणीतरी सांगितलंय की कार्बोरेटरमधला (हवेत इंधन मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागातला) मेन जेट, म्हणजे इंधन मोजून सोडणारं बारीक भोक, मोठा टाकला की गाडी शुद्ध इथेनॉलवर चालते. तर करावं का, इंजिनाला काय होईल, आणि खरंच पैसे वाचतील का?

मी अंबाजोगाईत २८ वर्षं गाड्यांचं काम करतोय. पाच-सहा वर्षांमागे एका इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तुमच्यासारखीच एक १०० सीसी गाडी इथेनॉलवर करायला माझ्याकडे घेऊन आली. इथेनॉल कॉलेजच्या प्रयोगशाळेच्या परवान्यावर रीतसर यायचं, आणि गाडी कॉलेजच्या आवाराबाहेर काढायची नाही, असं ठरलं होतं. नोव्हेंबर ते मार्च ती गाडी माझ्या हाताखालून गेली. म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ देतो: चालते. चांगली ओढते, इंजिन थंड राहतं, खडखड करत नाही. तरीही तुमच्या गाडीला ते करू नका असंच मी सांगणार आहे. का, ते आता सविस्तर सांगतो, म्हणजे उद्या दुसऱ्या कुणी सांगितलं तरी तुम्हाला स्वतःला ताडून बघता येईल.

१ किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. १ किलो इथेनॉलला ९ किलोच पुरते, कारण इथेनॉलच्या वजनातला जवळजवळ ३५ टक्के भाग ऑक्सिजनच असतो. तो आधीच जळालेला माल समजा. इंजिन मात्र पिस्टन खाली गेला की जेवढी हवा ओढायची तेवढीच ओढणार. त्या हवेला पुरेल इतकं इथेनॉल द्यायचं म्हणजे पेट्रोलच्या वजनाच्या १.६ पट द्यावं लागतं. इथेनॉल पेट्रोलपेक्षा थोडं जड, म्हणून लिटरमध्ये मोजलं तर हे प्रमाण दीडपटीच्या किंचित वर बसतं.

इथेच बहुतेक मेस्त्री चुकतात. दीडपट इंधन पाहिजे म्हणून ९० नंबरचा जेट काढून १३५ चा टाकतात. जेटचा नंबर हा भोकाचा व्यास असतो, ९० म्हणजे ०.९० मिलिमीटर. इंधन किती जाणार ते भोकाच्या क्षेत्रफळावर ठरतं आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. दीडपट क्षेत्रफळासाठी व्यास सव्वापटच्या आतच पुरतो. म्हणजे ९० चा ११०, फार तर ११२. १३५ टाकला तर सव्वादोनपट इंधन जाईल, गाडी नुसती गुदमरेल. आम्ही पोरांच्या गाडीला १०५ पासून सुरुवात केली आणि ११० वर थांबलो. काही कार्बोरेटरच्या जेटवरचा नंबर व्यासाचा नसून प्रवाहाचा असतो, तिथे हे गणित लागू नाही. तेव्हा जेट हातात घेऊन आधी खात्री करावी. आणि कृपा करून कुणाला जेटमध्ये सुई किंवा तार घालून भोक वाढवू देऊ नका. भोक लंबगोल होतं, आतली कड फाटते, मग तो जेट काय देतोय ते कुणालाच सांगता येत नाही. जेटचा जोड १००-१५० रुपयांत मिळतो.

मेन जेट तर अर्ध्या-पाऊण ॲक्सिलेटरच्या पुढचं बघतो. गावात, बाजारात तुम्ही चालवता ते सगळं पायलट जेट (कमी ॲक्सिलेटरला इंधन देणारा छोटा जेट) आणि निडलवर (मधल्या ॲक्सिलेटरला इंधन कमी-जास्त सोडणाऱ्या सुईवर). एकटा मेन जेट बदललेली गाडी मोकळ्या रस्त्यावर झकास पळते आणि चौकात आली की बंद पडते. म्हणून पायलट जेटही त्याच सव्वापटीच्या हिशोबाने, ३५ चा ४२ असा वाढवावा लागतो. निडलची क्लिप एक-दोन खाचा खाली घेऊन निडल वर उचलावी लागते. त्यानंतर फ्लोटकडे, म्हणजे कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीत इंधनाची पातळी धरणाऱ्या तरंगत्या भागाकडे बघायचं. दीडपट इंधन त्या इवल्याशा वाटीत वेळेवर भरलं पाहिजे. पेट्रोल कॉकची जाळी अर्धी बुजलेली असेल तर पेट्रोलवर कळत नाही, पण इथेनॉलवर चढाला गाडी मधेच श्वास सोडते.

इथवर केलं की गाडी चालू होते, आणि चालू झालेली गाडी माणसाला फसवते. पेट्रोलच्या गाडीत आपण प्लग काढून रंग बघतो. चहाच्या रंगाचा असेल तर बरोबर, पांढरा असेल तर इंधन कमी, काळा असेल तर जास्त. इथेनॉल इतकं स्वच्छ जळतं की इंधन जास्त जात असतानाही प्लग पांढराफेक निघतो. माझ्या हातात तो पहिला प्लग आला तेव्हा २०-२२ वर्षांच्या सवयीने मी म्हटलं, लीन झाली (इंधन कमी पडतंय), अजून मोठा जेट टाका. पोरांमधल्या एकाने थांबवलं. मग आम्ही चोक (हवा अडवून इंधनाचं प्रमाण वाढवणारी झडप) लावून बघायची जुनी रीत धरली. तिसऱ्या गिअरला गाडी एका वेगात धरायची आणि चोक थोडासा ओढायचा. गाडीने उसळी घेतली तर इंधन कमी पडत होतं. गाडी दबली तर जेट पुरेसा आहे. ११० नंबर आम्हाला तसा मिळाला.

एक गोष्ट मी मुद्दाम दाखवायचो. दवाखान्यात सुई देण्याआधी दंडावर स्पिरिट लावतात, तेव्हा कसं गार लागतं, ते आठवा. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या अडीचपट उष्णता लागते, आणि आपण ते देतोय दीडपटीहून जास्त. म्हणजे कार्बोरेटरमध्ये आणि इनटेकमध्ये पेट्रोलच्या चौपट गारवा तयार होतो. मार्चमधल्या दुपारी, बाहेर ३८ अंश तापमान असताना, त्या गाडीच्या कार्बोरेटरला घाम यायचा. बोट फिरवलं की ओलं लागायचं, थेंब खाली इंजिनाच्या केसवर पडून वाळायचे. पोरं मोबाईलवर फोटो काढायची. इंजिन म्हणून मला इथेनॉल फार आवडलं ते यामुळे. आत जाणारा चार्ज (हवा-इंधनाचं मिश्रण) गार, ऑक्टेन (दाबलं तरी खडखड न करण्याचा गुण) १०८ च्या घरात, आपल्याकडच्या साध्या पेट्रोलचं ९१ असायचं. मूळ इंजिन त्यासाठीच बनवलं असतं तर कॉम्प्रेशन (पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते) बारा-तेरापर्यंत नेता आलं असतं, आणि गमावलेल्या ॲव्हरेजमधला बराच भाग परत मिळाला असता. पण तुमच्या गाडीचं कॉम्प्रेशन नऊ-दहाच्या आसपास आहे. ऑक्टेनचा सगळा गुण तिथे वाया जातो आणि इथेनॉलचा कमी ताकदीचा दोष तेवढा पदरात पडतो.

तोच गारवा डिसेंबरात शत्रू होतो. पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशांवरही पेट घेते. इथेनॉलला पेट घेण्याइतकी वाफ व्हायला साधारण १३-१४ अंश तरी लागतात. परभणीत थंडीच्या लाटेत पारा ५ अंशांजवळ उतरतो, आपल्या बालाघाटाच्या माळावरही पहाटे काही ऊब नसते. पोरांची गाडी डिसेंबरात सकाळी सात वाजता ४०-५० किका मारूनही उठायची नाही. दहा वाजता उन्हात उभी केली की दोन किकांत सुरू. तुम्ही लहान असाल, पण तुमच्या वडिलांना विहिरीवरचं रॉकेल इंजिन आठवत असेल. वरच्या छोट्या टाकीतल्या पेट्रोलवर सुरू करायचं, तापलं की कॉक फिरवून रॉकेलवर टाकायचं. आम्ही अगदी तेच केलं. साइड कव्हरमध्ये पाव लिटरची पेट्रोलची बाटली आणि तीन वाटांचा कॉक. ब्राझीलमध्ये १९७५ पासून सरकारी योजनेने गाड्या इथेनॉलवर आणल्या, तिथेही कितीतरी वर्षं मोटारींना सुरुवातीसाठी पेट्रोलची वेगळी छोटी टाकी असायची. होंडाने २००९ मध्ये तिथे सीजी १५० टायटन मिक्स ही फ्लेक्स-फ्यूल, म्हणजे पेट्रोल आणि इथेनॉल दोन्हींवर चालणारी, मोटारसायकल काढली. तिलाही १५ अंशांखालच्या थंडीत टाकीत किमान २० टक्के पेट्रोल ठेवायला सांगितलेलं होतं. एवढ्या मोठ्या कंपनीलाही थंडी चुकवता आली नाही.

आता मूळ अडचण सांगतो. जेट, निडल, बाटली हे सगळं जमतं. हात बसलेल्या मेस्त्रीला दोन दिवसांचं काम आहे. न जमणारी गोष्ट अशी की कार्बोरेटरला चव कळत नाही. त्याच्या भोकातून काय चाललंय, पेट्रोल की इथेनॉल की अर्धं-अर्धं, हे त्याला समजत नाही. भोक ज्या इंधनासाठी बसवलं तेच इंधन कायम मिळालं पाहिजे. आमच्या प्रकल्पात एका शनिवारी इथेनॉल संपलं. पोरांनी सरळ पंपावरचं पेट्रोल भरलं आणि गाडी आवारात फिरवली. काळा धूर, प्लग काजळीने बुजलेला, आणि ऑइल काढलं तर त्याला पेट्रोलचा वास. जास्तीचं पेट्रोल बोअरच्या (पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळकांड्याच्या) भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरलं होतं.

उलट्या बाजूचं उदाहरण याहून वाईट आहे. त्याच्या पुढच्याच वर्षी एक गिऱ्हाईक गाडी ढकलत आलं, स्वतः कुठून तरी स्पिरिट आणून अर्ध्याला अर्धं मिसळत होतं. जेट कंपनीचाच. गाडी झटके द्यायची म्हणून तो महिनाभर अर्धा चोक ओढून चालवत होता. हेड उघडलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड नखासारखी एका बाजूने खाल्लेली, सीट काळी पडलेली. इंधन कमी पडलं की जाळ सावकाश पसरतो आणि व्हॉल्व्ह उघडला तरी आग जळतच असते, ती सगळी झळ त्या व्हॉल्व्हला बसते. त्याने पेट्रोलमध्ये वाचवले त्याच्या कितीतरी पट हाफ इंजिनाला (इंजिनाचा वरचा भाग उघडून दुरुस्त करायला) गेले. मला त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं, कारण ती गाडी त्याची रोजची दुधाची गाडी होती.

त्याच्या टाकीत आणखी एक गोष्ट दिसली. तळाला पाण्यासारखा वेगळा थर होता. डिस्टिलरीत साधं ऊर्ध्वपातन करून निघतं ते सुमारे ९५ टक्क्यांचं स्पिरिट, बाकी पाणी. पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलमधलं हे पाणी आण्विक चाळणीतून काढून ते ९९.६ टक्क्यांपर्यंत नेतात. नुसतं ९५ टक्क्यांचं स्पिरिट इंजिनात जळतं, ब्राझीलमध्ये पंपावर पाणी असलेलंच इथेनॉल मिळतं. पण पेट्रोलमध्ये ते अंदाजाने ओतलं, त्यात टाकीत आधीचं पाणी असलं आणि रात्री थंडी पडली, की मिश्रण दूध फाटावं तसं फाटतं. इथेनॉल आणि पाणी तळाला, पेट्रोल वर. आणि पेट्रोल कॉक तळातून ओढतो.

शुद्ध इथेनॉल रोज मिळेल का, यावर सगळं अडतं. २०२१ च्या ५ जूनला पुण्यात तीन ठिकाणी ई-१०० चे (शुद्ध इथेनॉलचे; ई-पुढचा आकडा म्हणजे इथेनॉलचे टक्के) प्रायोगिक पंप सुरू झाले. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांत १८३ पंपांवर ‘इथेनॉल १००’ विकायची घोषणा झाली. त्यातला एखादा तुमच्या रोजच्या वाटेवर आहे का, हे आधी बघा. नसेल तर उरते ती ओळखीची डिस्टिलरी, आणि तिथे मी तुम्हाला हात जोडून सांगतो, जाऊ नका. स्पिरिट हा राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या ताब्यातला माल आहे. परवान्याशिवाय त्याचा कॅन घरात किंवा गाडीवर सापडला तर महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली गुन्हा होतो. तुमचा ओळखीचा माणूस नोकरीला मुकेल. आणि घरात पोरंबाळं असताना पाण्याच्या बाटलीत स्पिरिट ठेवलं जातं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. तेवढं तरी कुणीच करू नये.

गाडीचा कायदाही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या रचनेत परस्पर बदल करता येत नाही. इंधन बदलायचं तर मंजुरी असलेलं किट बसवून आरटीओकडून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. तसं केलं नाही तर कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघात झाला आणि विमा कंपनीने गाडी तपासली तर तुम्हाला काय ऐकावं लागेल ते मी सांगायला नको.

पैशांचं गणित मी पोरांच्या वहीतून सांगतो. ती गाडी पेट्रोलवर ५८ चं ॲव्हरेज द्यायची. इथेनॉलवर, सगळं नीट बसवल्यावर, ३८. हे अपेक्षितच होतं, कारण १ लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा असते. आता भाव बघा. २०२४-२५ च्या हंगामात तेल कंपन्यांनी कारखान्याला दिलेला दर उसाच्या रसाच्या इथेनॉलला लिटरला ६५.६१ रुपये, बी-हेवी मळीच्या (जिच्यात थोडी साखर उरलेली असते) इथेनॉलला ६०.७३, सी-हेवीच्या (साखर काढून उरलेल्या शेवटच्या मळीच्या) ५७.९७. हे कारखान्याच्या दारातले दर. वर कर, टँकरचं भाडं, पंपाचं कमिशन. ते सगळं सोडून दिलं आणि रसाचं इथेनॉल तुम्हाला कारखान्याच्या दारात त्याच दराने मिळालं असं धरलं, तरी किलोमीटरला १ रुपया ७३ पैसे पडतात. पेट्रोल १०४ धरलं तर ५८ च्या ॲव्हरेजला १ रुपया ७९ पैसे. रोज ४० किलोमीटर चालवलं तर महिन्याला ८० रुपये हातात. त्यात इथेनॉलवर ऑइल लवकर बदलावं लागतं ते धरलं नाही. थंड इंजिनात न जळलेलं इथेनॉल आणि पाणी खाली उतरतं. शेतापर्यंत जाऊन परत येणाऱ्या छोट्या फेऱ्या असतील तर ऑइल ताकासारखं फेसाळ, पांढरट निघतं. आम्ही दर १००० किलोमीटरला बदलत होतो.

तुमच्या मनातलं दुसरं वाक्य मला कळतं: ऊस आपला, मग तेल दुसऱ्याचं का? मलाही तसंच वाटतं. १ टन उसाच्या रसातून सुमारे ७० लिटर इथेनॉल निघतं, त्यावर ती पोरांची गाडी अडीच हजार किलोमीटरच्या वर गेली असती. हे मोठं आहे, यात वाद नाही. पण २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, ते मी विसरलेलो नाही. आपल्या भागात त्या ७० लिटरमागे विहिरीचं किती पाणी गेलं, तेही वहीत मांडावं लागतं. आणि तुमच्या उसाचं इथेनॉल तुमच्या टाकीत आजही येतंच आहे. पंपावर आता ई-२० आहे, पाच लिटर भरलं की त्यात एक लिटर इथेनॉल असतं. तेव्हा मला विचाराल तर तुमच्या गाडीला खरं काम या २० टक्क्यांसाठी करायचं आहे. त्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाही, पण २०११ ची गाडी ई-२० साठी बनलेलीच नव्हती. ई-२० ला टिकणाऱ्या रबराच्या आणि धातूच्या गाड्या एप्रिल २०२३ पासून यायला लागल्या.

मी काय बघतो ते सांगतो. आमच्याकडून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जोड्या जातात. काही जण गाडी घरीच ओसरीत लावून जातात, टाकी अर्धी, कॉक उघडा. चार-पाच महिन्यांनी परत आले की गाडी माझ्याकडे. कार्बोरेटरची वाटी उघडली की तळाला पांढरी भुकटी, ओली झाली की दह्यासारखी, आणि पितळी जेटच्या तोंडाशी हिरवट बुरा. आपल्या गाड्यांचे कार्बोरेटर जस्ताच्या मिश्रधातूचे असतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि ते पाणी जस्ताला खातं. फ्लोटच्या सुईचं रबरी टोक फुगून मऊ झालेलं असतं, म्हणून कार्बोरेटर ओव्हर मारतो (पेट्रोल भरून बाहेर सांडतं). वाटीची ओ-रिंग काढली तर परत खाचेत बसत नाही, लांबीला वाढलेली असते. एकदा तर मी नवी आणि जुनी शेजारी ठेवून गिऱ्हाइकाला दाखवली, जुनी बोटभर मोठी भरली.

तर तुमच्या गाडीला पेट्रोलची नळी, फ्लोटची सुई, वाटीची ओ-रिंग आणि कॉकचं वायसर एवढं बदला. मागताना विटॉनचं किंवा ई-२० ला चालणारं मागा, काळं साधं रबर नको. टाकी आतून गंजली असेल तर आधी ती साफ करा, कारण इथेनॉल जुना गाळ सोडवतं आणि पहिले दोन-तीन महिने तो सगळा जेटमध्ये येतो. नळीत फिल्टर टाका आणि महिन्याने तोही बदला. ई-२० ला हवा थोडी कमी लागते, सुमारे साडेतेराला एक, म्हणून जुन्या जेटवर गाडी किंचित कोरडी (इंधन कमी पडून) चालते. उन्हाळ्यात अहमदपूरच्या घाटात दोघं बसून चढताना पिकअप कमी वाटतं ते त्यामुळे. ९० चा जेट असेल तर ९२ पुरतो, त्यापुढे जाऊ नका. निडल एक खाच वर. मग व्हॉल्व्हचा गॅप तपासून पीयूसी करून घ्या. एवढ्यात गाडी अजून कितीतरी वर्षं चालेल.

पंपावर नेमकं काय मिळतंय ही शंका असेल तर घरी बघता येतं. १०० मिलिची काचेची मोजनळी घ्या. १० मिलि पाणी आणि ९० मिलि पेट्रोल घालून तोंड बंद करा, हलवा आणि दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याकडे जातं, खालचा थर वाढतो. ई-२० असेल तर ती रेघ २८ च्या आसपास येते, १० पाण्याचे आणि १८ इथेनॉलचे. रेघ ३५-४० वर गेली तर ते पेट्रोल भरू नका. हे उघड्यावर, चूल आणि विडी लांब ठेवून करायचं. इथेनॉल जास्त असलेल्या इंधनाचा जाळ फिकट निळा असतो, भर उन्हात दिसतही नाही. आमच्या प्रकल्पात एका पोराने पुसायचं फडकं बेंचवर ठेवलं होतं. दुपारची वेळ, कुणाला काही दिसलं नाही, फडक्याची कड आपोआप काळी होत आत सरकताना दिसली तेव्हा कळलं की ते पेटलेलं आहे. पोराचा हात वाचला. बादलीभर पाण्याने ते विझलं, कारण इथेनॉल पाण्यात मिसळतं. पेट्रोलवर असं पाणी कधीही ओतू नका, तिथे वाळू किंवा ओलं पोतं.

भाऊबंदात कुणाची बीएस-६ इंजेक्शनची गाडी असेल तर त्यांनाही सांगा. तिला थोडीफार चव कळते. सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू (गाडीचा छोटा संगणक) इंधन कमी-जास्त करतो, पण त्याला मर्यादा असते. शुद्ध इथेनॉलसाठी जवळजवळ दीडपट द्यायचं तर इंजेक्टर आणि पंपच तेवढ्या क्षमतेचे नसतात. मग मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. बाहेरून एखादा डबा लावून सिग्नल वाढवणारे असतात, त्यांच्या नादी लागू नका.

खरोखर इथेनॉलवर गाडी चालवायची हौस असेल, आणि ती हौस चांगली आहे, तर ती कंपनीतूनच तशी आलेली घ्यावी. टीव्हीएसने जुलै २०१९ मध्ये अपाची आरटीआर २०० ची ई-१०० गाडी काढली होती, महाराष्ट्रातही ती विकायला ठेवली होती. होंडाची सीबी ३०० एफ फ्लेक्स-फ्यूल ऑक्टोबर २०२४ मध्ये आली आणि सुझुकीची जिक्सर एसएफ २५० जानेवारी २०२५ मध्ये. या दोन्ही ई-८५ पर्यंत चालतात, म्हणजे आज ई-२० भरा, उद्या पंप मिळाला तर ई-८५ भरा, गाडी स्वतः ओळखून घेते. तुमच्या शेताच्या वाटेला अडीचशे-तीनशे सीसीची गाडी परवडणार नाही हे मला माहीत आहे. १०० सीसीची तशी गाडी दारात येईपर्यंत थांबा.

तोवर ही गाडी घेऊन एखाद्या मंगळवारी या, त्या दिवशी गर्दी कमी असते. येताना टाकीत पाव-अर्धा लिटरच ठेवा, टाकी काढून उलटी करून आत बॅटरी मारून बघायची आहे. आणि निघायच्या आदल्या रात्री कॉक बंद करून वाटीखालचा स्क्रू सैल करा आणि वाटीतलं पेट्रोल काचेच्या पांढऱ्या बाटलीत काढून घेऊन या. तळाला काय बसतंय ते बघून जेट आणि रबर एवढ्यावर भागेल की कार्बोरेटरच नवा टाकावा लागेल, ते मी तुम्हाला तिथल्या तिथे सांगतो.